माप नावाची जागा

दोन्ही समयांचे वरचे भाग घासून लख्ख झाले होते. बैठका, घंटा आणि निरांजनं अजून चिंचेच्या कोळातच पडून होती. शुक्रवार, सकाळचे साडेनऊ. शारजाला अर्चनाताईंकडे एक वाजता सत्यनारायणाची पूजा होती आणि समया त्यांनी माझ्याकडून मागवल्या होत्या. फुजैराहून डोंगरातून शारजाला पोचायला दोन तास धरायचे, म्हणून मी भराभर हात चालवत होते. तेवढ्यात यांचा मोबाइल वाजला.

"येस नबील साहब," एवढंच हे बोलले आणि मग नुसतं ऐकत राहिले. ऐकता ऐकता दुसऱ्या हाताने शर्टाचं बटण लावत होते, ते काही काजात जाईना. फोन ठेवला आणि मला म्हणाले, "टाक्यांच्या नोंदी दिसत नाहीत. पोर्टच्या मशीनवर एकही नाही. सहा वर्षांच्या."

मी हात धुतले. भांडी तशीच राहिली.

माझ्या रोजच्या वहीत घरचं, देवाचं आणि वाण्याचं सोडून फारसं काही नसतं. यांच्याविषयी लिहायचं तर हेच म्हणतील, लिहिण्यासारखं आहे काय? खरंच, दिसायला काही नाही. वासुदेव नावाचा बीकॉम झालेला एक माणूस, शहाऐंशी साली शारजाला स्टोअर-क्लार्क म्हणून आला, एक्क्याण्णवला फुजैराला. यांची कंपनी पोर्टाजवळच्या टाक्यांत जहाजांचं इंधन साठवते. जहाज धक्क्याला लागतं, इंधन घेतं, निघून जातं. त्याआधी आणि त्यानंतर टाकीतली पातळी मोजून लिहायची, ते माप. जहाजाच्या वतीने आलेला सर्व्हेयर ते तपासून सही करतो, आणि सगळा व्यवहार त्या मापावर चालतो.

सहा वर्षांपूर्वी कंपनीने ही नोंद मशीनवर आणली. शिकवायला आलेला फिलिपिनो इंजिनियर आठ दिवसांत एक जाडजूड पुस्तक ठेवून परत गेला. आमच्या जेवणाच्या टेबलावर, डिक्शनरी शेजारी घेऊन, यांनी ते वाचून काढलं. अजूनही दोन बोटांनी टाइप करतात. माऊसला हात लावत नाहीत. म्हणतात, "माऊसने काय केलं ते मागाहून सांगता येत नाही. टाइप केलेलं वहीत उतरवता येतं." मशीनला दिलेला प्रत्येक हुकूम तारीख-वेळ घालून हे वहीत लिहितात. वर राहणाऱ्या मैमुनाबी आम्हाला हसतात. त्या दाभोळच्या, त्यांचे मिस्टर इंधनाच्या बार्जवर असतात. "काय गो वयनी," म्हणतात, "तुमच्या घरात माणसां दोन न् वह्या वीस!"

त्या दिवशी मैमुनाबी आमच्याच गाडीतून शारजाला बहिणीकडे जाणार होत्या. आमची मुलगी ईरा गुरुवारीच तिकडे मैत्रिणीकडे, म्हणजे अर्चनाताईंच्या लेकीकडे, गेली होती. सगळे मिळून निघालो, पण गाडी शारजाच्या रस्त्याला न लागता गावातल्या ऑफिसकडे वळली.

गाडीत हे एकच वाक्य बोलले. "मी लिहून दिलंय, वीणा."

काय लिहून दिलंय ते मला ठाऊक होतं. वर्षभरापूर्वी यांनीच साहेबांना अर्ज केला होता की टाक्यांची मापं आता कागदावर वेगळी लिहायची गरज नाही, मशीनवर सुरक्षित आहेत, जबाबदारी माझी. खाली सही. त्या दिवसापासून कागद बंद. आता नोंदी गेल्या तर यांची नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसा रद्द, महिनाभरात घर आवरून निघायचं. आणि मार्चमध्ये ईराची दहावीची बोर्डाची परीक्षा. ऑक्टोबर संपत आला होता.

ऑफिसात शुक्रवारच्या सुट्टीमुळे चिटपाखरू नव्हतं. एसी बंद, खोली तापलेली. मैमुनाबी आणि मी भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसलो. त्यांनी तसबीह काढली, मी माळ. हे मशीनपुढे बसले आणि फोनचा स्पीकर लावला.

पलीकडे पोर्टवरून नबील. तो यांचा वरिष्ठ, मूळचा पॅलेस्टिनी, पण हिंदी आपल्यापेक्षा फर्डं. "जहाज आठ बजे से खड़ा है. दो बजे उसको छोड़ना है. सर्व्हेयर मेरे सर पे खड़ा है, बोलता है कल का माप दिखाओ. मैं क्या दिखाऊँ? फोल्डर खाली है, वासुदेव! तुमने लिख के दिया था, याद है?"

"याद है, साहब."

"आज का माप मैं खुद मशीन में डाल रहा हूँ, सर्व्हेयर के सामने. उपेंद्र को दुबई से बुला लिया है, नयी डिस्क लेके निकल चुका है. तुम देखो क्या कर सकते हो. बारा बजे मैं जुम्मे के लिए उठूँगा. उसके पहले मुझे जवाब चाहिए. यल्ला, जल्दी."

साडेदहा वाजले होते.

इथे यांच्या कामाबद्दल मला समजलेलं चार ओळींत लिहिते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ऑफिसात एक मशीन, पोर्टवर एक. यांनी एका ठिकाणी बसून हुकूम द्यायचा आणि एका मशीनची डिस्क दुसऱ्या मशीनवर जोडायची. फाइली हलत नाहीत, जिथल्या तिथे राहतात, पण दुसरीकडे बसून वाचता येतात. या जोडण्याला माउंट म्हणतात. जोडायला मशीनवर नाव दिलेली एक रिकामी जागा लागते. उगाच कुणी लुडबुड करू नये म्हणून जागांची नावं यांनी मराठीत ठेवलेली. साठा, जहाज, माप. अरबी साहेब, मल्याळी क्लार्क, कुणाला अर्थ लागत नाही, म्हणून कुणी हात लावत नाही. याचं यांना मोठं कौतुक होतं. 'माप' मात्र दोन्ही मशीनवर होतं. पोर्टच्या 'माप'मध्ये खऱ्या नोंदी, आणि ऑफिसचं 'माप' रिकामं, फक्त जोडाजोडीसाठी ठेवलेलं.

यांनी पोर्टच्या मशीनमध्ये शिरून 'माप' उघडलं. काळ्या पडद्यावर नबीलने आज उघडलेल्या पानाच्या नावाची एक ओळ आली, बस. एरवी ओळी सरसर धावत वर जातात, ते मी पाहिलेलं आहे. यांनी पुन्हा तोच हुकूम दिला. पुन्हा एकच ओळ. यांचे कान लाल झाले. घाबरले की यांचे कान लाल होतात, चेहऱ्यावर काही दिसत नाही.

कपाटात गेल्या शुक्रवारची टेप होती. दर शुक्रवारी सकाळी हे सगळ्या नोंदींची टेपवर नक्कल काढतात. आजची काढली नव्हती, कारण मीच घाई केली होती. पूजेला उशीर नको, उद्या काढा म्हटलं होतं. म्हणजे टेपवर मधले सहा दिवस नाहीत, सहा दिवसांतली अकरा जहाजं नाहीत. हे टेप हातात घेऊन उभे राहिले. मला बोलले असते तर बरं वाटलं असतं.

उपेंद्रचा फोन आला. यांना मशीन पुरवणाऱ्या दुबईच्या दुकानातला हा ठाण्याचा इंजिनियर. गाडीतून ओरडूनच बोलत होता. "वासुदेवराव, धैद क्रॉस केलं. टेन्शन नॉट! पोर्टवरची डिस्क क्रॅश झालीय, माझी गॅरंटी. मी पोर्टवर जातो, जुनी काढून टाकतो, नवी बसवतो. तुमची लास्ट वीकची टेप चढवू. खलास!"

"आणि मधले सहा दिवस?"

"अहो, डिस्क मेली तर तुम्ही काय करणार? तुमचा काय दोष? वॉरंटी आहे, आमची कंपनी बघेल. मी नबीलला सांगितलंसुद्धा."

हे खुर्चीत बसले. मग वही उघडली. डिस्क किती भरली आहे हे विचारायचा एक हुकूम असतो. रोज सकाळी हे तो देतात आणि आकडा लिहून ठेवतात. गुरुवार सकाळचा आकडा होता एकाहत्तर टक्के. यांनी आता तोच हुकूम दिला.

"एकाहत्तर," हे पुटपुटले.

"म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"नोंदी गेल्या असत्या तर जागा मोकळी व्हायला हवी होती. ती तेवढीच भरलेली आहे. डिस्क जिवंत आहे." यांचं बोट पडद्यावरून खाली सरकलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. तिथे नव्या मशीनचं नाव होतं. सालाचे आकडे दोन हजारात गेल्यावर जुनी मशीनं चालतील की नाही या भीतीने कंपनीने ते याच आठवड्यात आणलं होतं, अजून चाचणीवर होतं. त्या नावापुढे लिहिलं होतं: माप.

यांनी वहीचं पान उलटलं. गुरुवार, दुपारी चार पन्नास. यांच्याच अक्षरात, नव्या मशीनची रिकामी डिस्क 'माप'वर जोडण्याचा हुकूम. पुढे कंसात 'ऑफिस'.

काय झालं ते मला हळूहळू सांगितलं, जणू स्वतःलाच सांगत होते. त्या वेळी पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या, एक ऑफिसच्या मशीनची, एक पोर्टच्या. हुकूम ऑफिसच्या खिडकीत द्यायचा होता. दिला गेला पोर्टच्या. दोन्हीकडे 'माप' आहे, त्यामुळे मशीनने काही तक्रार केली नाही. रिकामी डिस्क खऱ्या नोंदींवर जाऊन बसली. खालचं सगळं शाबूत, पण दिसत नाही.

"उपेंद्रची डिस्क नाही," हे म्हणाले. "माझा हात."

मैमुनाबींना बाकी काही कळलं नसावं, पण 'शाबूत' कळलं. "अल्हम्दुलिल्ला! मग काढ की रे भावा वरचां! बसून ऱ्हवलंस कशाला?"

यांना हसू आलं, त्या दिवशीचं पहिलंच. जोडलेलं सोडवायचा हुकूम यांनी दिला. मशीनने उत्तर दिलं, जागा वापरात आहे.

दुसरा हुकूम दिला, कोण वापरतंय ते विचारणारा. एकच आकडा आला, वापरणाऱ्याचा. तो नबीलचा निघाला. आजची मापं भरायचं पान त्याने त्याच 'माप'मध्ये बसून उघडलेलं होतं. तो तिथून बाहेर पडेपर्यंत वरची डिस्क सुटणार नव्हती. अकरा पंचवीस झाले होते.

यांनी नबीलला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. पोर्टच्या ऑपरेटरने सांगितलं की साहेब सर्व्हेयरबरोबर टाकीवर चढलेत, अकरा वाजता पंप सुरू झाला.

अकरा चाळीस. उपेंद्र आता मसाफीच्या पुढे असणार. तो पोर्टवर पोचला की चांगली डिस्क काढून बाजूला ठेवणार, आणि नोंदी तिच्यासकट जाणार. यांनी त्याचा मोबाइल लावून पाहिला. डोंगरात रेंज नव्हती.

मग यांनी एक ओळ टाइप केली आणि थांबले. बोट एंटरवर.

"हे काय?" मी विचारलं.

"नबीलला बाहेर काढायचा हुकूम. त्याला वाटेल लाइन गेली. मी वरची डिस्क सोडवतो, दोन मिनिटांत सगळं परत दिसायला लागेल. उपेंद्र म्हणेल मशीन आपोआप सुधारलं. कुणाला काही कळणार नाही."

मी माळ थांबवली. खरं लिहायचं तर मला वाटत होतं, दाबावं. देवाचं नाव ज्या जिभेवर होतं त्याच जिभेने मी म्हणाले, "ईराची दहावी आहे."

"हो."

"मग?"

"सकाळची मापं त्याने भरलीत, पण पान बंद केलेलं नाही. मी त्याला बाहेर काढलं तर ती साठवली जाणार नाहीत. आता पंप सुरू आहे, पातळी उतरायला लागली. तो आकडा परत मोजता येणार नाही. सर्व्हेयरच्या सहीचा आकडा आहे तो, वीणा. जहाज अडकेल आणि ठपका नबीलवर येईल."

तेवढ्यात यांचा मोबाइल वाजला. मला वाटलं नबील. ईरा होती. "बाबा, आर यू गाइज कमिंग ऑर नॉट? एव्हरीबडी इज आस्किंग फॉर द समयाज!"

"येतो बाळा. इन्शाल्ला," हे म्हणाले. आमच्या घरात हा शब्द नक्की नसलेल्या गोष्टींसाठी वापरतात, पोरीला ते बरोबर कळतं. "ओह गॉड, दॅट मीन्स नो," म्हणून तिने फोन ठेवला.

यांनी एंटरवरचं बोट उचललं आणि ती ओळ एकेक अक्षर करून पुसली. मी तोंड फिरवलं. मला राग आला होता. तेही लिहून ठेवते.

अकरा बावन्नला नबीलचा फोन आला. मागे वारा घोंगावत होता. "बोलो. मेरे पास पाँच मिनट है."

"साहब, पहले उपेंद्र को गेट पे रोक दीजिए. डिस्क ठीक है. सब रिकॉर्ड अंदर है. उसके ऊपर दूसरी डिस्क चढ़ गयी है."

"किसने चढ़ाई?"

मैमुनाबींचे मणी थांबले.

"मैंने. गुरुवार, चार पचास पे. गलत मशीन पे हुकूम दे दिया."

मग नबील अगदी हळू बोलला. "उपेंद्र बोलता है डिस्क खराब है. वॉरंटी है. मैं वही लिखने वाला था. तुम सोच के बोल रहे हो?"

"सोच के बोल रहा हूँ, साहब. आप अपना पान सेव्ह कीजिए, प्रोग्राम बंद कीजिए और मशीन से बाहर आ जाइए. अभी. नमाज़ से पहले. आप उठ के चले गये तो वो जगह डेढ़ बजे तक बंद रहेगी."

फोन चालू होता. जिन्यावरून उतरणाऱ्या बुटांचा आवाज आला, दार आपटलं, मग कीबोर्डची टकटक. गावातल्या मशिदीवरून अजान सुरू झाली आणि क्षणभराने फोनमधूनही पोर्टजवळच्या मशिदीची तीच अजान मागून ऐकू यायला लागली.

"बाहर आ गया," नबील म्हणाला आणि फोन ठेवला.

यांनी आधी सकाळची मापं वेगळ्या जागी उतरवून घेतली. दोनदा तपासली. मग सोडवायचा हुकूम दिला. मशीन काहीच बोललं नाही. मी घाबरून विचारलं, "काय झालं?" हे म्हणाले, "काही बोललं नाही म्हणजे झालं." मग 'माप' उघडलं आणि ओळी धावायला लागल्या. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, पंचाण्णव, थांबेचनात. यांनी आजची मापं त्यात नेऊन ठेवली आणि वहीत वेळ लिहिली, बारा सात.

मैमुनाबी उठून यांच्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "आता पाणी पी रे आधी." त्यांनी ओढणी सारखी केली आणि आतल्या खोलीत नमाजाला गेल्या. मी पाणी आणलं. मी म्हणाले, "रागावले होते मी." हे म्हणाले, "मला माहीत आहे. पाठ दिसत होती."

नोकरीचं काही ठरलेलं नव्हतं. नोंदी मिळाल्या, पण कबुली दिली होती. नबील मशिदीत. आम्ही थांबलो. सव्वा वाजता उपेंद्र ऑफिसात आला, बगलेत डिस्कचा खोका, गेटवरून परत पाठवल्याचा राग नाकावर.

"वासुदेवराव, तुम्ही महान आहात," तो म्हणाला. "मी तुम्हाला डिस्क मेल्याचं सर्टिफिकेट देत होतो हो! फुकट! आणि तुम्ही फोन करून सांगता मीच मारली?"

"मेली नव्हती ना पण."

"तेच तर! न मेलेल्या डिस्कवर सुतक धरलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं?" आणि मग खोका टेबलावर ठेवून, आवाज उतरवून, "काय करेल हो आता तो?"

"बघू."

शारजाची पूजा एव्हाना सुरू झाली असेल. मी भिंतीकडे तोंड करून मनातल्या मनात पंचोपचार केले. समया घरी, अर्ध्या घासलेल्या. देवाला मी काही मागितलं नाही. माझं मागणं दीड-दोन तासांपूर्वी मी बोलून बसले होते आणि यांनी ते पुसून टाकलं होतं. पुन्हा कोणत्या तोंडाने मागायचं?

सव्वादोनला फोन वाजला. यांनी स्पीकर लावला नाही. आम्ही तिघं यांच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. यांचे कान लाल होते. "जी," म्हणाले. "जी. हाँ, मराठी में रखा था. जी, बदल दूँगा. इंग्लिश में. दोनो मशीन पे अलग अलग. जी साहब." मग बराच वेळ ऐकून, "कल? आठ बजे? जी. शुक्रिया."

फोन ठेवला.

"काय म्हणाला?" उपेंद्र आणि मी एकदमच विचारलं.

"जहाज सुटलं. सर्व्हेयरने सह्या केल्या. मी काय केलं ते सगळं इंग्रजीत लिहून द्यायचं, वेळेसकट. ते माझ्या फाइलीत लागेल. नावं बदलायची. आणि..." यांनी वही जवळ ओढली. "आणि म्हणाला, तुझा पोर्टचा पास सोमवारी संपतोय. उद्या सकाळी आठला गेटवर ये, सही करतो. दोन फोटो आण."

पोर्टच्या गेटचा पास दर सहा महिन्यांनी नवा करावा लागतो आणि वरिष्ठाची सही असल्याशिवाय तो मिळत नाही. ज्याला काढायचं असतं त्याच्या पासावर कुणी सही करत नाही. उपेंद्रने टेबलावर थाप मारली. मैमुनाबींनी माझा हात घट्ट दाबला. मला रडू आलं, त्यामुळे पुढची पाच मिनिटं कोण काय बोललं ते मला आठवत नाही.

शारजाला गेलो नाही. मैमुनाबींना उपेंद्रने आपल्या गाडीतून नेलं. हे घरी येऊन आमटीभात जेवले आणि इंग्रजीतला अर्ज लिहायला बसले. शुक्रवारी दुकानं साडेचारला उघडतात. उघडली की हे समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्याजवळच्या स्टुडिओत पासासाठी दोन फोटो काढायला जाणार आहेत.